गैरसोयीबद्दल दिलगीर नाही

गुरुवार, २ फेब्रुवारी

पिठाच्या डब्याच्या तळाला पत्र्याचं माप घासलं की आवाज यायचा: खर्र, खर्र, खट्. आई तो मुद्दाम मोठा काढायची. बाहेरच्या खोलीत वडील पेपर वाचत बसलेले असत, त्यांच्या कानावर जावा म्हणून. 'पीठ संपलं' असं ती तोंडानं कधी म्हणाली नाही आणि 'आणतो' असं वडीलही कधी म्हणाले नाहीत. पेपरची घडी व्हायची, चपला पायात सरकायच्या, दार वाजायचं. माझ्या आईवडलांचा पैशांविषयीचा एवढाच संवाद मला ठाऊक आहे. पुढे मराठीचे सर वर्गात लघु-गुरू शिकवायला लागले तेव्हा मी हात वर करून हेच उदाहरण दिलं. म्हटलं, सर, गुरू, गुरू, लघु. सर इतके हसले की चष्मा टेबलावर पडला. म्हणाले, "अरे, 'खट्' पण गुरूच. पण आईला सांग, चाल चांगली आहे."

आता डबे प्लास्टिकचे. तळ गाठला तरी आवाज होत नाही. म्हणूनच असेल, आमच्या घरातलं सगळं तळाला गेलं आणि मला पत्ता लागला नाही.

लागला तोही चुकून. चिरंजीव न्हाणीघरात नळ सोडून फोनवर बोलत होते. पाण्याच्या आवाजात बोलणं बुडून जातं असा त्यांचा समज. पण मी जन्मभर बस डेपोत माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या आहेत. इंजिनांच्या घरघरीतून माणसाचा शब्द वेगळा काढायची माझ्या कानांना सवय आहे. "साहेब, महिनाअखेरपर्यंत तरी थांबा. मशीन नेऊ नका," असं माझा मुलगा अजिजीनं म्हणत होता.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर विचारलंच. तेव्हा एकेक बाहेर आलं. खालच्या गाळ्यात चिरंजीवांची लॉन्ड्री आहे. तिथली ती मोठी रुळांची इस्त्री त्यांनी कर्ज काढून आणली. ओली चादर एका बाजूनं सरकवली की दुसरीकडून कागदासारखी कडक निघते. कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या चादरी, पडदे, टेबलक्लॉथ सगळे आमच्याकडे यायचे, त्या भरवशावर. ते हॉटेल बंद पडलं. मालक आमचं धुलाईचं भलंमोठं बिल थकवून गायब. मला आजवर सांगितलं होतं की मशीन बिघडलंय. शटरवर तशी पाटीही आहे, 'मशीन दुरुस्तीचे काम चालू'. आणि चिरंजीव रोज सकाळी कडक शर्ट घालून, खांद्याला बॅग लावून ज्या 'भेटीगाठींना' जातात, ते खरं म्हणजे पुलापलीकडच्या दुसऱ्या कुणाच्या लॉन्ड्रीत पगारावर राबायला जातात. बॅगेत जुना शर्ट आणि डबा.

दोन हप्ते थकले आहेत. महिनाअखेर निदान एक भरला नाही तर कंपनी मशीन उचलून नेणार. मशीन गेलं की धंदा गेला, चिरंजीव कायमचे दुसऱ्याच्या दारात.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा."

"अरे, तो माझा त्रास होता. तुम्ही परस्पर वापरून टाकलात."

मग मी जाहीर केलं की उद्यापासून घरखर्च मी बघणार. सूनबाईनं विचारलं, "बाबा, तेलाचा भाव माहीत आहे का?" मी म्हटलं, "उद्या होईल." आमची ही नुसती माझ्या ताटाकडे बघत राहिली.

मशीन जाणार नाही. लिहून ठेवतो. जाणार नाही.

रविवार, ५ फेब्रुवारी

कारभार हाती घेतला आहे. माझ्या चहातली साखर बंद. पहिल्या घोटाला ओकारी आली, पण दाखवली नाही. दिव्यांच्या खटक्यांवर स्वतः रचलेली ओळ चिकटवली:

दिवा मालवुनि खोली सोडी, तोच घराचा खरा धनी

दुपारी बघतो तो खाली पेन्सिलीनं लिहिलेलं:

अंधारातुनि ठेच लागता, औषध आणिल सांग कुणी?

अक्षर सूनबाईचं. मात्रा मोजून पाहिल्या, चोख बरोबर. ही मुलगी शाळेत माझ्या बाकावर असती तर मी कवी झालो असतो किंवा ती तरी. ओळ तशीच राहू दिली. दिवे मात्र सगळे जळत होते.

चिरंजीवांना एकच सुचवलं. म्हटलं, हॉटेल गेलं तर गेलं, घराघरांत चादरी आहेत, पडदे आहेत. त्या करा. ते फिसकारले. "मी दारोदार चादरी मागत फिरू? 'इस्त्री आहे का ताई' म्हणून? या बिल्डिंगमध्ये मला शेठ म्हणतात, बाबा."

"शेठ म्हणतात म्हणूनच उधार मागता येत नाही आणि कामही मागता येत नाही. चांगली सोय आहे."

हे बोलायला नको होतं असं आता वाटतंय. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

हिची रोजची दुपार तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी काकूंकडे जाते. त्यांच्याजवळ बसायला. येते तेव्हा बाह्या ओल्या, कंबर धरलेली. लोक साधेपणाचा फायदा घेतात. मी म्हटलं, "निदान चहा तरी देतात का?" तर म्हणाली, "देतात हो, सगळं देतात."

गुरुवार, ९ फेब्रुवारी

घाऊक बाजारात कांदे निम्म्या भावात मिळतात असं कळलं. बसचे पैसे वाचवायला पायी गेलो. वाटेत जुना डेपो लागला. माइकची खोली आता नाही, तिथे एक यंत्र बसवलंय, त्यात एक बाई अडखळत गाड्यांची नावं घेते. जोडाक्षर आलं की ती घाबरते. 'पोटातून म्हणा, गळ्यातून नाही,' हे आमच्या सरांनी आख्ख्या वर्गाला कविता म्हणताना शिकवलेलं, ते तिला कुणी शिकवलं नाही. बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिलो. कानात एकेकाळचा फलाट भरून आला. मग आठवलं, कांदे.

पोतं घेतलं. ते घरापर्यंत आणायला हातगाडी करावी लागली. चपलेचा अंगठा तुटला. आणि पोतं उघडलं तेव्हा वरचे कांदे चांगले निघाले, खालचे नाहीत. सूनबाईनं नाकाला पदर लावून हिशेब सांगितला: कांदे, हातगाडी आणि चांभार मिळून आपण नेहमीच्या दुकानापेक्षा महाग पडलो.

"बाबा, तुम्ही आणखी थोडी बचत केलीत तर आपलं घर विकावं लागेल."

मी म्हटलं, "पहिल्याच गाडीला उशीर झाला म्हणून कुणी डेपो बंद करत नाही."

सोमवार, १३ फेब्रुवारी

वसुलीवाला येऊन गेला. ठेंगणा, रुबाबदार, तोंडात सारखी बडीशेप. पहिल्यांदा म्हणून गोडीत बोलला. पण जाताना जिन्यात मोठ्यानं म्हणाला, "पुढच्या वेळी मी इतकं हळू बोलणार नाही."

समोरच्या वहिनी दारात आल्याच होत्या. "कोण हो पाहुणे?"

सूनबाई पटकन म्हणाली, "माझे मामा. लांबचे."

"अगबाई! जेवायला नाही थांबले?"

"डायबेटिस आहे त्यांना," सूनबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग दाराला पाठ लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मी तिला पाणी दिलं. ही आतून म्हणाली, "लांबचे कशाला, जवळचे सांगायचे. लांबचे पुन्हा पुन्हा येत नाहीत, हे येणार आहेत."

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आमचं बटण, म्हणजे नात (तान्ही असताना बापाच्या शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून हेच नाव), शाळेतून फुरंगटून आली. मराठीच्या पेपरात बाईंनी लाल फुली मारलेली. मला दाखवलं.

प्रश्न: 'निर्व्याज' या शब्दाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

तिचं उत्तर: 'निर्व्याज म्हणजे ज्यावर व्याज लागत नाही असे. वाक्य: माझ्या बाबांना कोणीतरी निर्व्याज कर्ज द्यायला हवे.'

मला हसू आलं आणि लगेच आलं तसं गेलं. म्हणजे हिलाही सगळं ठाऊक आहे. नळाखाली बोललेलं या घरात सगळ्यांनाच ऐकू येतं, फक्त सगळे एकमेकांना सांगत नाहीत.

मी तिला मांडीशी बसवून समजावलं. जुन्या भाषेत व्याज म्हणजे सोंग, बतावणी. पोटात एक आणि ओठावर एक, ते व्याज. त्याच्याविना जे असतं ते निर्व्याज. निर्व्याज प्रेम, निर्व्याज हसू.

तिनं विचार केला. "म्हणजे तो माणूस आईचा मामा आहे असं सांगितलं, ते व्याज?"

"हो, तेच."

"आणि खाली ती दुरुस्तीची पाटी?"

"तीसुद्धा."

"आणि बाबा कडक शर्ट घालून जातात ते?"

मी तिच्या पेपरची घडी घातली.

"मग आजोबा, आपल्याला दोन्हीकडून व्याज बसतंय."

इतकी वर्षं अलंकार वाचले, शब्दकोश चाळले, व्याख्या घोकल्या. पण या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच घरात राहायला येतात हे कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना मी दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोनदा मिटलं. चिरंजीव उद्याचा शर्ट इस्त्री करत होते. कॉलर तीन-तीनदा दाबत होते.

रविवार, १९ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सगळी बिल्डिंग घरात. वसुलीवाला आला, पण वर आला नाही. खाली अंगणात उभा राहिला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडायला लागला. "अहो शेठ! दुसऱ्या मजल्यावरचे शेठ! कर्ज घेताना जिना चढून आलात, आता खाली यायला लाज वाटते का? मशीन घेता, हप्ते बुडवता!" खिडक्या उघडायला लागल्या. समोरच्या वहिनी गॅलरीत. पहिल्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी पोर गॅलरीत. चिरंजीव आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे. सूनबाई म्हणाली, "थांबा, मी जाते खाली." ते म्हणाले, "नको. तो जाईल. ओरडून दमेल आणि जाईल."

हा काही दमणारा नव्हता. ओरडायचाच पगार घेतो तो. आणि माझ्या लक्षात आलं की तो जे विकतोय ते एकच आहे: लोकांना कळेल ही भीती. ते लोकांना आधीच कळलं तर त्याच्या टोपलीत काही उरत नाही.

मी गॅलरीत गेलो. कठड्याला हात लावला. सर म्हणायचे तसा श्वास पोटात घेतला. आणि इतक्या वर्षांनी तो आवाज आपोआप आला:

"रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दुसऱ्या मजल्यावरून, इस्त्री मशीनसाठी घेतलेलं कर्ज ठरल्या वेळेपेक्षा दोन हप्ते उशिरानं धावत आहे. उशिराचं कारण: कोपऱ्यावरच्या हॉटेलकडून धुलाईचं बिल अद्याप सुटलेलं नाही. रहिवाशांनी नोंद घ्यावी, कर्ज रद्द झालेलं नाही. पुन्हा ऐका, रद्द झालेलं नाही. ते वाटेत आहे आणि शेवटच्या थांब्यापर्यंत येणार आहे. गाळ्यातलं मशीन बिघडलेलं नाही, पाटी खोटी आहे. अंगणात उभे असलेले गृहस्थ सूनबाईंचे मामा नाहीत, ते वसुली खात्यातून आले आहेत. त्यांनी कृपया खालच्या बाकावर बसून घ्यावं, घसा खराब करू नये."

इथे डेपोत एक वाक्य यायचं. 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' दुसऱ्यांच्या उशिराबद्दल, दुसऱ्यांच्या पंक्चरबद्दल मी जन्मभर दिलगीर होत आलो. आज ते जिभेवर आलं आणि तिथेच अडलं.

"होणाऱ्या गैरसोयीबद्दल," मी म्हटलं, "आम्ही मुळीच दिलगीर नाही."

अंगणात अशी शांतता की बडीशेप चावल्याचा आवाज आला असता. कुणीतरी हसलं. मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मामा नाहीत?" आणि सगळी बिल्डिंग हसली. वसुलीवाला इकडेतिकडे बघत राहिला. काय ओरडायचं ते सगळं मी आधीच ओरडून टाकलं होतं. "म्हातारा येडा आहे," असं म्हणून तो गेला.

आत आलो तेव्हा सूनबाई जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. चिरंजीव हसत नव्हते. त्यांनी चप्पल घातली आणि निघून गेले.

ही फक्त म्हणाली, "आवाज आहे अजून तुमचा."

सोमवार, २० फेब्रुवारी

चिरंजीव उशिरा आले आणि सकाळी बोलले. एकदाच.

"बाबा, डेपोत तुम्ही पडद्याआड बसायचात. आवाज तुमचा, तोंड कुणाला दिसत नव्हतं. माझं इथे रोजचं तोंड आहे."

मी त्यांच्या डब्याचं झाकण लावून दिलं.

किराणावाल्यानं उधारी बंद केली. "शेठ, वाईट वाटून घेऊ नका, पण सगळ्यांसमोर कळलंय आता. मी दिलं तर सगळेच मागतील." जिन्यात एक जण मला बघून मोबाइलमध्ये बघायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या पोरीनं ते सगळं टिपून घेतलंय आणि ते हातोहात फिरतंय म्हणे. म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता माहीत.

मी चुकलो का? पुन्हा पुन्हा विचार करतो. मी मुलाची लाज त्याला न विचारता वापरून टाकली. त्यांनी माझा त्रास परस्पर वापरला तशी. तरी उद्या तो माणूस पुन्हा अंगणात उभा राहिला तर मी पुन्हा गॅलरीत जाईन. हे मला माहीत आहे, म्हणून पश्चात्ताप लिहीत नाही. खोटा ठरेल.

चहा अजून बिनसाखरेचाच.

बुधवार, २२ फेब्रुवारी

आज चिरंजीव जुना शर्ट घालून, बॅग न घेता, डबा हातात धरून गेले. आता लपवायचं कुणापासून?

आणि त्याआधी, अजून धुकं होतं तेव्हाच, एक गोष्ट घडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा चादरींचा गठ्ठा घेऊन दारात. "आईच्या चादरी रोज बदलाव्या लागतात. मशीन चालू आहे असं ऐकलं, त्या दिवशी, तुमच्याकडून." तो माझ्याकडे बघून जरा हसला, मग चिरंजीवांकडे वळला. "करून द्याल का? तुमच्या आईंना सगळं माहीत आहे, कुठली कशी घालायची ते."

हिला चादरींबद्दल काय माहीत असणार कुणास ठाऊक. बसायला तर जाते.

मी चिरंजीवांकडे बघितलं नाही. मुद्दाम. बटणाची वेणी घालायला घेतली, जी मला येत नाही. चिरंजीव गठ्ठ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "द्या."

सूनबाईनं स्टूल आणून शटरवरची पाटी काढली. फेकली नाही. उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक लिहिलं: 'घरगुती चादरी, पडदे. सकाळी द्या, संध्याकाळी न्या.' मी म्हटलं, यमक जुळवून देतो. ती म्हणाली, "बाबा, हात जोडते."

शनिवार, २५ फेब्रुवारी

गाळा सकाळी सात-आठला उघडतो, मग चिरंजीव पुलापलीकडच्या नोकरीवर जातात, दुपारपर्यंत सूनबाई हिला जोडीला घेऊन चालवते. रूळ गरम व्हायला वेळ लागतो. पहिली चादर नेहमी थोडी ओलसर निघते, ती पुन्हा घालतात. मग वाफ सुटते आणि आख्खा गाळा धुतलेल्या सुताच्या वासानं भरतो. दोन माणसं लागतात: एक चादरीची कडा ताणून रुळाला देणारा, एक पलीकडे झेलणारा. कडा वाकडी गेली की सुरकुती भाजून पक्की होते, मग ती निघत नाही. चिरंजीव कडा देताना ओठ दातांत धरतात. लहानपणी पाढे म्हणताना असेच धरायचे.

मला कामावर घेतलंय. तयार झालेल्या चादरींचा पुकारा करायचा. "लक्ष द्या, निळ्या चौकटीच्या दोन चादरी फलाटावर तयार आहेत, मालकांनी सोबत पैसे आणावेत." समोरच्या वहिनी पडदे घेऊन आल्या. म्हणाल्या, "मामांना नाही का बोलावलं?" सूनबाई म्हणाली, "ते महिनाअखेर येणार आहेत. जेवायलाच थांबतील." रस्त्यानं जाणारे दोघं नुसते पुकारा ऐकायला थांबले. चिरंजीव पलीकडून म्हणाले, "बाबा, जरा हळू." पण गालात हसत होते. मी पाहिलं.

सगळेच आलेले नाहीत. पलीकडच्या जिन्यातले अजूनही मान फिरवतात. त्यांच्या चादरी चुरगळलेल्या राहू देत.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. सकाळी टेबलावर सगळे पैसे मांडले. चिरंजीवांचा पगार, गाळ्याची मिळकत, सूनबाईनं बटणाच्या पोहण्याच्या क्लासचे परत आणलेले. (बटण म्हणालं, "पाणी तसंही थंड होतं.") बेरीज केली, पुन्हा केली. हप्त्याला कमी पडत होते. फार नाही, पण कमी ते कमी. चिरंजीवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ही उठली, आत गेली, एक पाकीट घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं. आत नोटा, नीट एकाच बाजूनं लावलेल्या.

"हे कुठले?" मी विचारलं.

"तुमच्या साखरेचे."

"काय?"

"तुम्ही चहातली साखर सोडलीत ना. रोजची बाजूला ठेवत गेले. साठले."

सूनबाई एकदम खोकायला लागली आणि मोरीकडे गेली. चिरंजीव आईकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला कळलं, माझ्या हट्टाची त्यांना आता किंमत कळली. मी फार काही बोललो नाही. असल्या वेळी बोलू नये. फक्त इतकंच म्हटलं, "मी म्हणालो नव्हतो, काटकसरीत ताकद असते?"

"म्हणाला होतात," ही म्हणाली आणि हाताची बोटं चोळत बसली. हल्ली तिच्या बोटांची कातडी फार कोरडी पडली आहे.

हप्ता भरायला आम्ही दोघं गेलो, मी आणि चिरंजीव. काउंटरपलीकडे तोच वसुलीवाला, आज टेबलावर. त्यानं सुट्या नोटा मोजायला जाम वेळ लावला. मी म्हटलं, "सावकाश. आम्हाला घाई नाही, आम्ही पायी आलोय." पावती देताना तो म्हणाला, "आजोबा, आमच्या साहेबांनीही ऐकलं ते. चहाच्या वेळी सगळ्यांनी मिळून." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काही नाही. पुढच्या महिन्यात मला दुसरा भाग दिलाय."

बाहेर आल्यावर चिरंजीवांनी माझा दंड धरला. रस्ता ओलांडण्यापुरता. ओलांडल्यावरही सोडला नाही. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. मशीन मात्र आज रात्री आमच्याच गाळ्यात झोपणार.

शुक्रवार, ३ मार्च

आज सुटीचा वार नसूनही चिरंजीव पुलापलीकडून अर्धी रजा घेऊन दुपारी गाळ्यात होते. शनिवारचे उशांचे अभ्रे एकट्यानं उरकत होते. खालून रुळांची घरघर चालू होती. मी पुकाऱ्यासाठी नवं काही सुचतंय का ते बघत होतो. दार वाजलं.

सूनबाईनं उघडलं. मग वळून म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे आलेत."

उंबऱ्याबाहेर कोपऱ्यावरच्या हॉटेलचे मालक उभे होते.

मी त्यांना लगेच ओळखलंच नाही. हा माणूस पांढऱ्याशुभ्र बाह्यांत गल्ल्यावर बसायचा, आणि त्या बाह्या आमच्याच मशीनमधून गेलेल्या असत. आज अंगावरचा शर्ट आठवडाभर अंगावरच झोपलेला दिसत होता. दाढी वाढलेली. हातात काही नव्हतं. मी आधी हातच बघितले.

"आत या म्हणणार नसाल तर कळेल मला," ते म्हणाले. "पैसे आणलेले नाहीत. आधीच सांगतो."

"मग काय आणलंय?" सूनबाई म्हणाली. तिचा आवाज मी इतका धारदार कधी ऐकला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या मुलीनं मला मोबाइलवर ऐकवलं. तुम्ही नाव घेतलं नव्हतंत माझं. 'कोपऱ्यावरचं हॉटेल' एवढंच म्हणालात. मी ते चार-पाच वेळा ऐकलं." त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "तुमचंच नाही हो. भाजीवाल्याचं आहे, दूधवाल्याचं आहे, वेटरांचे पगार आहेत. मेव्हण्याच्या माळ्यावर राहतो मी. खिडकीला पेपर लावलाय. दार वाजलं की पोरीला सांगायला लावतो, बाबा बाहेरगावी गेलेत. परवा ती मला म्हणाली, 'मी आता सांगणार नाही.'"

मग एका दमात म्हणाले, "माझंही एकदा तुमच्या गॅलरीतून सांगून टाकाल का? सगळ्यांची नावं मी देतो. माझंही घ्या. पूर्ण."

चष्मा आणतो म्हणून मी आत आलोय आणि हे घाईघाईनं लिहितोय. ते अजून उंबऱ्याबाहेरच आहेत. सूनबाईनं त्यांना आत या म्हटलेलं नाही, पण दारही लावलेलं नाही. खालची घरघर आत्ता थांबली. चिरंजीवांची पावलं जिन्यावर वाजतायत.